पिकअपला जादा दिवे: वाचकांचे प्रश्न

बोलेरो पिकअप आहे. पहाटे टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात जावं लागतं. पहिले चार किलोमीटर पाणंद रस्ता. दुकानदार टपावर ३०० वॅटचा एलईडी बार लावा म्हणतो. घ्यावा का?

टपावर नको. टपावरच्या बारचा उजेड आधी बोनेटवर पडतो आणि तिथून डोळ्यांत येतो. बोनेट पांढरं असेल तर विचारूच नका. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दिवा डोळ्यांच्या रेषेजवळ असला की खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते आणि रस्ता सपाट भासतो. बंपरच्या उंचीवरचा दिवा तीच सावली लांब पाडतो आणि खड्डा आधी कळतो.

पाणंदीत वेग वीसच्या पुढे जात नाही, म्हणजे लांब पल्ल्याचा स्पॉट तिथे वाया जातो. बांध, चारी आणि वळणाची आतली कड दिसायला हवी. त्यासाठी २० ते ४० वॅटचे दोन फ्लड, म्हणजे जवळ पण रुंद उजेड टाकणारे दिवे भरपूर झाले. पुढे डांबरीवर लांबचं पाहायचं असेल तर मधे स्पॉट, कडेला फ्लड असा कॉम्बो बीम घ्या.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. खरे ३०० वॅट असतील तर १३.५ व्होल्टला २२ ॲम्पिअर लागतील. दुकानातच डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) लावायला सांगा. मीटर ५ दाखवत असेल तर तो ६७ वॅटचा बार आहे, आणि स्वस्तातले बार बहुतेक असेच निघतात. ल्युमेनचा (एकूण उजेडाचा) आकडाही पुष्कळदा चिपचा असतो, काचेबाहेर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे. ‘२५० मीटरवर १ लक्स’ अशी, म्हणजे किती अंतरावर किती उजेड पडतो याची माहिती देणारा उत्पादक बरा. निदान तो मोजता येईल असं काही सांगतो. पाण्यासाठी आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) ही किमान अट ठेवा.

बंपरचा पत्रा पातळ असेल तर मागून ३ मिमीची पट्टी घ्या आणि नायलॉक नट (थरथरीने न सुटणारे) वापरा. दिवा थरथरत असेल तर कितीही महागाचा असला तरी उपयोग नाही. रेडिएटरच्या जाळीसमोर मात्र काही टांगू नका.

रिलेची वायरिंग नीट समजावून सांगा. आमचा वायरमन म्हणतो, सरळ स्विचमधून दिली तरी चालते.

चालते, काही दिवस. रिले म्हणजे स्विचच्या बारीक करंटवर दिव्यांचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा वेगळा स्विच. तो नसेल तर सगळा करंट केबिनमधल्या स्विचमधून जातो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन धरा: सुमारे ९ ॲम्पिअर. १ चौरस मिमीची वायर बॅटरीपासून केबिनमध्ये, स्विचमधून परत बंपरला, अशी ६ मीटर फिरवली तर वाटेतच साधारण १ व्होल्ट पडतो. हॅलोजनला एक व्होल्ट कमी मिळाला की उजेड जवळजवळ पाव भागाने घटतो. एलईडी मंद दिसणार नाही, पण व्होल्ट कमी झाले की त्याचा ड्रायव्हर (आतलं करंट सांभाळणारं सर्किट) जास्त करंट ओढतो आणि वायर, स्विच आणखी तापतात. डॅशबोर्डवरचे वितळलेले स्विच यातूनच निघतात.

सामान असं: ४० ॲम्पिअरचा चार पिनचा रिले सॉकेटसह, झाकणाचा ब्लेड फ्यूज होल्डर, १५ ॲम्पिअरचा फ्यूज, मुख्य लाइनला २.५ चौरस मिमीची ऑटो केबल, स्विचच्या लाइनला १ चौरस मिमी, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि नालीदार पाइप. घरगुती वायर इंजिनाजवळ नको. तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांसाठी असतं. इंजिनाच्या उष्णतेत आणि डिझेल-ऑइलच्या थेंबांत ते कडक होऊन तडकतं.

आधी बॅटरीची मायनस काढा. प्लसपासून निघालेली वायर १५-२० सेंटीमीटरच्या आत फ्यूजमध्ये जाऊ द्या आणि तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ मधून दोन्ही दिव्यांचे प्लस. दिव्यांचे मायनस चेसिसवर, रंग खरवडून, बोल्टने घट्ट. वरून पेट्रोलियम जेली. ८६ ला स्विचमधून आलेली वायर आणि ८५ बॉडीला. स्विचला पुरवठा हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून घ्या. म्हणजे समोरून गाडी आली आणि तुम्ही डिप्पर केलं की जादा दिवे आपोआप विझतात. ते हाताने बंद करायची आठवण कुणालाच राहत नाही. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी सॉकेटमध्ये साचतं. केबिनच्या पत्र्यातून वायर आणताना भोकात रबरी ग्रोमेट (कडी) हवाच. पाच पिनच्या रिलेत मधली ८७ए रिकामी ठेवा. तिथे वायर लागली तर स्विच बंद असताना दिवे लागतील.

फ्यूज बॅटरीजवळच का? फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून चेसिसला टेकली तर तिला वाचवणारं काही नाही, आणि बॅटरी त्या क्षणी शेकडो ॲम्पिअर देऊ शकते. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. १५ चा उडाला म्हणून ३० चा घालणाऱ्याने गाडीला आग लावायची तयारीच केली आहे. आधी घासलेली जागा शोधा.

स्विच दाबला की रिले टकटक करतो आणि दिवे फडफडतात. रिले दोनदा बदलला.

रिले बदलून भागणार नाही, अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनसची बॉडीशी जोडणी) तपासा. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ॲम्पिअर लागतो. पण ८५ आणि दिव्यांचे मायनस एकाच गंजक्या बोल्टवर असतील तर असं होतं: दिवे लागतात, त्यांच्या करंटने त्या बोल्टवर व्होल्ट पडतात, कॉइलला कमी मिळतं, रिले सुटतो; दिवे विझतात, व्होल्ट परत येतात, रिले पुन्हा ओढतो. ८५ ला वेगळा अर्थ द्या.

मग मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून, दिवे चालू असताना, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं दिव्याच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर फ्यूज होल्डर किंवा थिंबल ढिलं आहे. तसंच मायनस ते मायनस; इथे ०.२ च्या वर नको. पिळून टेप गुंडाळलेले जोड बहुतेक इथेच पकडले जातात.

आंबोली घाटात पावसाळी धुक्यात पिवळे दिवे बरे की पांढरे?

रंगापेक्षा बीमचा आकार आणि उंची महत्त्वाची. धुक्यात उजेड थेंबांवरून उलट येतो, म्हणून वरच्या बाजूला सपाट कापलेला, रुंद फॉग बीम घ्या आणि तो बंपरच्या खालच्या भागात लावा. तसा बीम मिळाला की ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा निवडा. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्यापेक्षा डोळ्यांना तो कमी बोचतो. फॉगची वायरिंग अप्परवर नको, पार्किंग लाइटवर घ्या. धुक्यात अप्पर लावायचाच नसतो.

नवीन इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. वॉरंटी जाऊ नये म्हणून काय करावं?

कंपनीची वायर कापू नका, सोलू नका. हेडलाइटच्या कपलरमध्ये बसणारं कपलर टू कपलर हार्नेस (वायर न कापता जोडायचा तयार वायरसंच) मिळतं, त्यातून रिलेपुरता इशारा घ्या. मात्र आधी मीटरने पाहा: काही गाड्यांत अप्पर प्लसने नव्हे, मायनसने चालू होतो. तसं असेल तर ८६ ला फ्यूजमधून प्लस द्या आणि ८५ ची वायर स्विचमधून त्या मायनसवर न्या. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर असेल तर दिव्यांचा अर्थ त्या टर्मिनलवर न देता चेसिसवर द्या, नाहीतर सेन्सरला हा करंट दिसतच नाही.

आरटीओ अडवेल का?

अडवू शकेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक कारण आणि नोंदणी प्राधिकरणाची पूर्वपरवानगी असेल तरच सूट. दिव्यांवर काळी टोपी घालणं ही समोरच्याची सोय झाली, परवानगी नव्हे. वळवलेला बार घेऊन हायवेवर जायची हौस असेल तर आधी कार्यालयात विचारा.

शेतात रात्री माल भरताना हौद्यावर उजेड हवा. इंजिन बंद ठेवून किती वेळ चालेल?

२० वॅटचे दोन फ्लड म्हणजे सुमारे ३.३ ॲम्पिअर. चार तासांत १३ एएच (ॲम्पिअर-तास). ६५ एएचची बॅटरी धडधाकट असेल तर सकाळी इंजिन सुरू होईल. तीन वर्षं जुनी असेल तर दोन तासांवर थांबा किंवा मधे इंजिन चालवा. याला रिलेची गरज नाही: १.५ चौरस मिमी वायर, ५ ॲम्पिअरचा फ्यूज आणि लाल पायलट दिव्याचा (दिवे चालू असल्याचं दाखवणारा) वेगळा स्विच पुरे. पायलट दिवा मात्र टाळू नका. मागे पांढरा उजेड चालू ठेवून रस्त्यावर निघालात तर मागच्या ड्रायव्हरला समोरून गाडी येतेय असं वाटतं.