भागीदारीचा पेपर

प्रिय काकू,

मी वाळवा तालुक्यातला. वय २०. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे नाव तिथं आहे, जातो ते सबमिशनपुरतं. आमची २०२१ ची दहावी, परीक्षा न देता पास झालेली बॅच. त्याच जुलैत पूर आला आणि गाळातून काढलेल्या पाणीपंपाच्या मोटारी धुवायला म्हणून मी रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायच्या, दुकानात गेलो, तो अजून तिथंच आहे. बारावीनंतरचं एक वर्ष तर सगळं दुकानातच गेलं. आता पाच एचपीची सबमर्सिबल मी एकटा भरतो. महिन्याला १४ हजार सुटतात, उन्हाळ्यात जरा जास्त.

मालक म्हणतात, हायवेला दुसरं दुकान टाकू, तू निम्मा भागीदार. तीन लाख घाल, पूर्णवेळ ये आणि ते कॉलेजचं नाटक बंद कर. वडील साखर कारखान्यात हंगामी आहेत. गावभर सांगतात, पोरगं बी.कॉम. करतंय. आई म्हणते, डिग्री नसली तर पोरगी कोण देणार? माझा पहिल्या वर्षाचा अकाउंट्सचा पेपर राहिलाय, ते घरी माहीत नाही. भागीदारी संस्थेची खाती, भांडवलावरचं व्याज, असलं शिकून कुणाचं भलं झालंय? आमच्या गल्लीतली डिग्री झालेली पोरं एमआयडीसीत कंत्राटावर १५ हजारांनी राबतात. काकू, कॉलेज करण्यात खरंच काही अर्थ आहे का?

एक वाचक

---

अरे बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं. रागावू नकोस. भागीदारीची खाती शिकून कुणाचं भलं झालंय असं तू विचारतोस, आणि त्याच्या चारच ओळी आधी एक माणूस तुला भागीदार व्हायला बोलावतोय. राहिलेला पेपरही नेमका तोच.

तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे येते, पण आधी हे तीन लाख. करारपत्राचं कुणी काही बोललंय का? पत्रात तर कुठे दिसलं नाही. आपल्याकडे भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि करारात काही लिहिलंच नसेल तर काय धरायचं, ते त्यात सांगितलंय. नफा समान आणि तोटाही समान. भांडवलावर व्याज नाही. आणि भागीदाराला कामाचा पगार नाही. हे शेवटचं पुन्हा वाच. आज तू कारागीर आहेस, म्हणून महिन्याला १४ हजार मिळतात. उद्या निम्मा भागीदार झालास की दिवसभर खाली बसून मोटारी तूच भरणार, मालक जुन्या दुकानात बसणार, आणि त्या भरण्याचे वेगळे पैसे करारात लिहिले नसतील तर तुला मागताच येणार नाहीत. दुकानानं तारवाल्याचं देणं थकवलं तर तो मात्र तुझ्या घरी येऊ शकतो, कारण या धंद्यात भागीदाराची जबाबदारी तीन लाखांवर थांबत नाही. आणि भागीदारीची नोंदणी केलेली नसेल तर स्वतःच्या हक्कासाठी कोर्टाची पायरी चढणंही अवघड.

यातलं बरंचसं तुझ्या पुस्तकात आहे. 'करारपत्राच्या अभावी' असं शीर्षक असेल बघ, पाच गुणांना येतं.

मी तुझ्या मालकांना वाईट म्हणत नाही. ज्यानं पुरातल्या पोराला हातात पान्हा देऊन कारागीर केलं, तो माणूस बरा असणार. पण बऱ्या माणसांचे व्यवहारच जास्त बिघडतात, कारण तिथं लिहून घ्यायला लाज वाटते. तूच सांग, जळालेली मोटार उघडल्यावर जे तांबं निघतं त्याचं भंगार कुणाच्या नावावर विकलं जातं? दोन्ही दुकानांचं तांबं एकाच पोत्यातून गेलं तर तुझं निम्मं कसं मोजायचं? आणि उधारी. तुमच्याकडं गिऱ्हाईक मोटार घेऊन जातं आणि म्हणतं, बिल आलं की देतो. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा नियम १९६६ पासून आहे, आणि ते कधी येतं हे तुझ्या वडिलांना विचार. मग ३१ मार्चला वहीत ८० हजारांची उधारी असली तर ती नफा म्हणून वाटून घ्यायची, की त्यातले १५ हजार बुडणारच म्हणून बाजूला ठेवायचे? याला तुमच्या पुस्तकात बुडीत आणि संशयित कर्जाची तरतूद म्हणतात. वर्गात हा विषय आला की अर्धी बाकं झोपलेली असतात, मला ठाऊक आहे. त्यांना कुणी उधारी बुडवलेली नसते. तुला ती नावानिशी माहीत आहे.

आता कॉलेजचं.

गल्लीतल्या पोरांचं तू लिहिलंस ते खोटं नाही. नुसत्या बी.कॉम.वर आज फार मोठं काही मिळत नाही. ठरावीक दारांवर मात्र पदवीशिवाय आत घेतच नाहीत: बँकेतला क्लार्क, तलाठी, एमपीएससीची राज्यसेवा. पोलीस शिपायाला बारावी चालते. तुला यातलं काहीच व्हायचं नसेल तर 'डिग्री असली की नोकरी लागते' हे तुला सांगण्यात मतलब नाही. उलट तुझ्या बाजूची गोष्ट मीच सांगते. स्वतःचं दुकान टाकायला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मिळतं, त्यात प्रवर्ग आणि ठिकाण बघून १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत जातो आणि तिथं पदवी मागत नाहीत. म्हणजे मालकांची भागीदारी हाच एक रस्ता आहे असंही नाही. फक्त प्रकल्प अहवाल करावा लागतो. तो एजंटाकडून करून घेतलास तर बँकेच्या साहेबासमोर बसल्यावर त्यातला एक आकडा तुला सांगता येणार नाही.

कागदाचंच म्हणशील तर तुझ्या धंद्यात बी.कॉम.पेक्षा जास्त चालणारा कागद वेगळाच आहे. महावितरणच्या नव्या कनेक्शनला जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. तू फिटिंग कितीही चोख कर, सही दुसऱ्याची आणि सहीचे पैसेही त्याचेच. हे परवाने इलेक्ट्रिकलचं शिक्षण आणि अनुभव बघून मिळतात. त्यासाठी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड आहे, दोन वर्षांचा, दहावीवर. तिथून पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. विसाव्या वर्षी हे करायला उशीर झालेला नाही, पण ते पूर्णवेळ आहे आणि तेवढा काळ दुकान अर्धवेळ होईल. हे तुझं तुला तोलावं लागेल. मी सुचवलं असतं ते बारावीनंतरच्या त्या एका वर्षात. तेव्हा कुणी सांगितलं नाही, हे तुझं नशीब.

शिवाय धंदा आहे तसाच राहील असं धरून चालू नकोस. आज तुझ्याकडं मोटार येते ती बहुतेक वेळा विजेच्या तीनपैकी एक फेज गेला आणि स्टार्टरनं मोटार बंद केली नाही म्हणून जळालेली. आता शेतकरी सरकारी योजनेतल्या सौरपंपाचे अर्ज भरतोय. किमतीच्या १० टक्के पैसे भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्ती पुरवठा करणाऱ्या कंपनीकडं. तीन, पाच, साडेसात एचपीचे पंप ते. नदीवरून पाणी उपसणाऱ्या मोठ्या लिफ्टला ते पुरणार नाहीत, त्यामुळं कृष्णाकाठचं काम संपत नाही. पण विहिरीवरच्या पाच एचपीवाल्यांच्या भरवशावर हायवेला दुकान टाकणार असाल तर गेल्या दोन वर्षांत त्यातली किती गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत, ते आधी वहीत बघून घ्या. मालक हे बघणार नाहीत. त्यांची उमेद जुन्या हिशेबावर आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. कॉलेज सुटलं तरी चालेल, बी.कॉम. सोडू नकोस. पोरं तीन वर्षं बाकावर बसून ज्या गोष्टींची उदाहरणं पाठ करतात, त्या तुझ्या हातात रोज येतात. तुझ्याइतका या विषयाचा उपयोग तुझ्या वर्गात दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

हे मी नुसतं पुस्तकी बोलत नाही. माझं बी.ए. लग्नानं तुटलं होतं. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. दर रविवारी तालुक्याच्या कॉलेजात वर्ग भरायचा. माझ्या बाकावर एसटीचे एक कंडक्टर बसायचे. रात्रपाळी करून आलेले असायचे, खिशात तिकिटांचा पंच तसाच. सरांनी अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता शिकवली, तर हे उठून म्हणाले, सर, भाडं वाढलं की आमच्या मार्गावर वडापच्या जीपवाल्यांकडं किती माणसं जातात ते मी सांगतो. पुढचा अर्धा तास वर्ग त्यांनीच घेतला. त्या वर्गात मला पहिल्यांदा अभ्यास आवडला. अठराव्या वर्षी, रिकाम्या डोक्यानं कॉलेजच्या कट्ट्यावर बसून तो मला कधीच आवडला नव्हता.

मुक्त विद्यापीठ नाशिकचं, १९८९ पासूनचं. अभ्यासकेंद्रं सगळीकडं आहेत. शिवाय कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातच दूरशिक्षणाची सोय आहे. तुझी दोन सत्रं झालेली आहेत, त्यांचे क्रेडिट्स कुठं कसे धरतात ते दोन्हीकडं जाऊन स्वतः विचार. फोनवर विचारू नकोस आणि मित्राला तर नकोच. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षं पुरी करून पदविका घेऊन बाहेर पडायची आणि ठरावीक मुदतीत परत यायचीही सोय आहे. म्हणजे वर्षाच्या मध्येच नाव काढून टाकलंस तर पदविका हातात येत नाही, वर्ष पुरं करून थांबलास तर काहीतरी राहतं. एवढा एक हिशेब मालकांच्या घाईपुढं मांड.

आईचं सांगायचं तर तिचं चुकीचं नाही. स्थळं बघताना पहिली विचारणा शिक्षणाचीच होते. पण त्यासाठी डिग्री करू नकोस, नाहीतर उद्या बायकोलाही तेच कारण सांगशील.

वडिलांचं मात्र मला जास्त लागलं. हंगामी माणूस उसाच्या गव्हाणीजवळ उभा असतो आणि टाइम ऑफिसातला माणूस खुर्चीवर. दोघांत फरक काय, तर तो शिकलेला. तीस वर्षं रोज डोळ्यांसमोर हेच बघितलं की बी.कॉम. या शब्दाला वजन येतं. त्यांना तुझं काम हलकं वाटतं का? मला शंका आहे की त्यांनी ते नीट बघितलेलंच नाही. कारखान्याचा हंगाम संपला की एक दिवस त्यांना दुकानात बोलव. त्यांच्यासमोर एखादी मोटार उघड. जळालेलं कॉइल कापून वेढे कसे मोजतोस, तारेचं गेज कसं बघतोस, ते डायरीत कसं लिहून ठेवतोस आणि सांगायला कुणी नसताना तीच मोटार परत कशी भरतोस, ते बसून बघू दे. मग चहा सांग आणि राहिलेल्या पेपरचं तिथंच सांगून टाक. रागावतील. रागावू देत. गावात कुणा दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना जे वाटेल त्यापेक्षा हे बरं.

तीन लाख वडिलांकडूनच मागणार असशील, नाहीतर आईच्या दागिन्यांतून. ते विचारायच्या आधी मालकांना सांग, करारपत्र करू, वकिलाचा खर्च निम्मा माझा. त्यात पगार, भंगार, उधारी, वही कुणाकडं राहणार आणि वेगळं व्हायचं झालं तर कसं, एवढं लिहायचं. ते ऐकून मालक काय म्हणतात, त्यावरून बरंच कळेल. 'आपल्यात कसले कागद' असं म्हणाले तर मला लगेच लिही, पैसे देण्याआधी.

आणि अकाउंट्सचा पेपर परत कधी आहे, ते पत्रात लिहिलं नाहीस. तारीख कळव.

तुझी,
काकू