तू सांगितलेस म्हणून गेलो : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. मित्रमंडळींत आपण सहज बोलून जातो, "अमुक ठिकाणी जाऊन ये", "तमुक डॉक्टरांना दाखव", आणि त्यातून पुढे रुसवेफुगवे उद्भवतात. त्यांपैकी तीन आणि वेगळ्या विषयावरचे एक, अशी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : शाळेतल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी डिसेंबरमध्ये राजमाचीचे फोटो टाकले आणि "अगदी सोपा किल्ला आहे, मुलांना घेऊन अवश्य जा" असे लिहिले. एका मित्राने जुलैत पत्नी, दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह कर्जतच्या बाजूने चढायला सुरुवात केली. पाऊस आणि चिखलामुळे त्यांना अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, शिवाय सासूबाईंचा पाय मुरगळला. आता "तू सांगितलेस म्हणून गेलो" असे तो मला चारचौघांत ऐकवतो. यात माझी चूक आहे का? (ठाणे)

उत्तर : थोडी आहे, मात्र आपला मित्र म्हणतो तेवढी नाही. आपण बहुधा लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गेला असाल. ती वाट सुमारे १५ किलोमीटरची, लांबलचक, परंतु बहुतांशी सपाटीची आहे, आणि कोरड्या दिवसांत किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत गाड्यादेखील जातात. तेथून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहणे मुलांना जड जात नाही. कर्जतकडून, म्हणजे कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट अंतराने कमी असली तरी ती कोकणातून थेट घाटमाथ्यावर चढते, त्यामुळे तिथे दमछाक ठरलेली, आणि जुलैत तर ती वाट निसरडी होणारच. किल्ला एकच असला तरी आपण ज्याला सोपे म्हणालात आणि त्याने ज्याला अवघड म्हटले, त्या दोन निरनिराळ्या वाटा होत्या आणि दोन निरनिराळे ऋतू होते.

भटकंतीच्या बहुतेक शिफारशी नेमक्या येथेच फसतात. कास पठाराचेच पाहा. सप्टेंबरात तेथे जाऊन आलेला माणूस "आयुष्यात एकदा तरी पाहावे" असे लिहितो आणि ते खरेही असते, परंतु फुलांचा बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच टिकतो. तो संदेश वाचून दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब जाणाऱ्यांच्या वाट्याला पिवळे पडत चाललेले गवत येते. ऐन हंगामातही पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने आधी आरक्षण करावे लागते, हे सांगायला जाऊन आलेला माणूस हमखास विसरतो, कारण त्याचे आरक्षण दुसऱ्याच कोणीतरी केलेले असते. कळसूबाईचेही तसेच. १६४६ मीटर उंचीचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर म्हणून ते सर्वांना सुचवले जाते. बारी गावाच्या बाजूने चढताना लोखंडी शिड्या लागतात, हे मात्र उंचीची भीती असलेल्या माणसाला पहिल्या शिडीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर समजते.

पावसाळ्यातील शिफारशीला आणखी एक बाजू आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील अनेक पर्यटनस्थळांवर प्रशासनाने निर्बंध घातले. त्यामुळे गेल्या वर्षीचा आपला अनुभव या वर्षी लागू पडेलच असे नाही, आणि धबधबे, धरणे, घाटवाटा यांच्याविषयी लिहिताना "निघण्यापूर्वी सध्याचे आदेश पाहून घ्या" एवढे एक वाक्य जोडायलाच हवे.

आपल्या मित्राचाही दोष आहेच. वयस्कर माणूस बरोबर असताना त्याने निघण्यापूर्वी आपल्याला एक फोन करायला हवा होता. परंतु हे त्याला ग्रुपवर सुनावण्यात काही अर्थ नाही. आपण त्याला स्वतंत्रपणे फोन करावा, सासूबाईंच्या पायाची चौकशी करावी आणि "मी वाट आणि महिना लिहायला हवा होता" एवढे मोकळेपणाने म्हणावे. ग्रुपवरच्या त्या जुन्या संदेशाखाली वाट, महिना आणि बरोबर कोण होते हे लिहून ठेवावे, कारण ते फोटो पाहून बेत आखणारा तो एकटाच नसेल.

प्रश्न : आई आता माझ्याकडे पुण्यात राहायला आली आहे. तिच्या गुडघ्यांसाठी चांगला डॉक्टर सुचवा, असे मी मैत्रिणींना विचारले. तासाभरात इतकी नावे आली की निवड करणे अशक्य झाले. एका मैत्रिणीने तर तिच्या सासऱ्यांना लागू पडलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोच पाठवला. आता ज्यांनी सुचवलेल्या डॉक्टरांकडे मी जाणार नाही त्यांना वाईट वाटेल, अशी धास्ती आहे. (पुणे)

उत्तर : आपला प्रश्नच मोघम होता. "चांगला डॉक्टर" म्हटले की ज्याला जो माहीत असतो त्याचे नाव तो पाठवतो, त्यात हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वैद्य आणि कोणाचा तरी भाचा असे सगळेच येतात. पुन्हा विचारा, पण उदाहरणार्थ असे विचारा : आईचे वय ७२, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, त्यामुळे दवाखाना तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत हवा, राहायला कोथरूडमध्ये, शस्त्रक्रियेचा निर्णय इतक्यात घ्यायचा नाही, आणि ज्यांनी स्वतः किंवा घरच्या माणसाने उपचार घेतले आहेत त्यांनीच नाव सुचवावे. मग दोन किंवा तीन नावे उरतील. त्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे की नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणी तपासून घेण्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही.

गोळ्यांच्या फोटोविषयी मात्र ठाम राहावे. वेदनाशामक गोळ्यांचा वयस्कर माणसांच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर परिणाम होऊ शकतो, आणि मैत्रिणीच्या सासऱ्यांना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे आणि आपल्या आईला कोणती, हे त्या फोटोत दिसत नाही. औषधाच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. मैत्रिणीचे आभार मानावेत आणि गोळ्या घेऊ नयेत. नाराजीचे म्हणाल, तर आईला बरे वाटू लागल्यावर "अमक्यांकडे गेलो, इतका फरक पडला" असे दोन ओळींत सर्वांना कळवावे. ज्यांनी नावे सुचवली त्यांना आपण कोणाकडे गेलो याहून आपण पुढे काहीच कळवले नाही, याचाच राग अधिक येतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एक मैत्रीण दरवर्षी "खात्रीचा देवगड, घरचीच बाग आहे असे समजा" म्हणून आंब्याच्या पेट्या सुचवते. यंदा मी दोन पेट्या घेतल्या. चव बेताची होती, काही आंबे आतून खराब निघाले, आणि नंतर कळले की प्रत्येक पेटीमागे तिला पैसे मिळतात. बोलावे की गप्प बसावे? (नाशिक)

उत्तर : यात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत, त्या वेगळ्या कराव्यात.

आंबा कापल्यावर कोयीजवळ गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट लागत असेल, तर तो साका होय. अस्सल हापुसातही साका धरतो आणि बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही, मग आपल्या मैत्रिणीला कोठून येणार? त्याबद्दल तिला बोल लावू नये. मात्र आंबा देवगडचा होता की नाही, हा प्रश्न रास्त आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तरीही कर्नाटकातून येणारा, दिसायला जवळजवळ तसाच असणारा आंबा हंगामात सर्रास देवगडच्या नावावर खपवला जातो. पुढच्या वर्षी पेटी घेण्यापूर्वी बागायतदाराचे नाव आणि त्याचा मानांकनाचा नोंदणी क्रमांक विचारावा. देणाऱ्याला त्यात अवघड काही नाही, आणि ज्याला अवघड वाटते त्याच्याकडून पेटी घेऊ नये.

पैशांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. तिने पैसे घेणे गैर नाही. पेट्या उतरवून घेणे, वाटणे, हिशेब ठेवणे यात श्रम आहेत आणि त्यांचा मोबदला मिळायला हरकत नसावी. गैर आहे ते लपवणे. समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन वस्तूंची शिफारस करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली. अनोळखी प्रेक्षकांना जे सांगायचे ते शेजारणीला सांगायला तर मुळीच हरकत नसावी. आपल्याला तिच्याशी एकांतात बोलता येईल : "तुझ्याकडून घ्यायला मला आवडेल, पण यात तुझा वाटा आहे हे आधी कळले असते तर बरे झाले असते." भीड भिकेची बहीण, हे आपण जाणताच. पेट्यांच्या बाबतीत एकदा भीड धरली की पुढे तीच मैत्रीण एखाद्या गुंतवणूक योजनेचे माहितीपत्रक घेऊन येते, आणि तिथे आंब्यापेक्षा फार मोठी रक्कम अडकते. त्या वेळी सल्ला देणारी व्यक्ती सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्याची सवय आतापासूनच लागलेली बरी.

प्रश्न : माझी कॉलेजातली मैत्रीण मेलबर्नला मुलाकडे राहते. ती रोज लांबलचक संदेश पाठवते : वॉशिंग मशीन बिघडले, कोथिंबीर महाग झाली, नात शाळेत पडली. मी अंगठा दाखवून मोकळी होते, आणि मग अपराधी वाटत राहते. रोज उत्तर देणे मला जमत नाही. (सांगली)

उत्तर : रोज देऊ नका. ती आपल्याकडून रोज उत्तराची अपेक्षा करते, असे तिच्या संदेशांचा जो भाग आपण पाठवला आहे त्यावरून तरी दिसत नाही. परंतु अंगठ्याने तिला आपले काहीच कळत नाही, हेही तितकेच खरे. आठवड्यातून एकदा तिच्या एखाद्या तपशिलावर प्रश्न विचारा, नातीच्या गुडघ्याची खपली पडली का, मशीन दुरुस्त केले की नवे घेतले, आणि आपल्याकडच्या दोन गोष्टी तितक्याच क्षुल्लक अशा लिहा. आपण सांगलीत भाजी काय भावाने घेतली, हे तिला तिथल्या कोथिंबिरीच्या भावाशेजारी ठेवून पाहायला नक्कीच आवडेल. फोनवर बोलायचे असेल तर वेळ ठरवून घ्या. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, साडेपाच तास. आपली दुपारची वामकुक्षी आटोपते तेव्हा तिच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होत आलेली असते, म्हणून शनिवारी आपल्याकडचा सकाळी दहाचा सुमार दोघींनाही सोयीचा पडेल.