‘एक्सजी’वर किती विसंबावे?

प्रश्न : फुटबॉल सामन्यात दिसणाऱ्या ‘एक्सजी’ (एक्स्पेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) या आकड्यावरून संघाची योग्यता ठरवावी का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकाच सामन्यावरून ठरवू नये. गोलपासूनचे अंतर, कोन, फटका पायाने की डोक्याने, अशा बाबी पूर्वीच्या हजारो फटक्यांशी ताडून प्रत्येक संधीला शून्य ते एक यांमधील मूल्य दिले जाते; त्यांची बेरीज म्हणजे संघाचा ‘एक्सजी’. पेनल्टीचे पाऊण गोलाहून किंचित अधिक. तरीही एका सामन्यात निकाल या आकड्याच्या उलट लागू शकतो: २०२२च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने अवघ्या तीन फटक्यांत दोन गोल करून अर्जेंटिनाला हरवले. अर्जेंटिनाचे ऑफसाइडमुळे रद्द झालेले तीन गोल तर या हिशेबात धरलेच जात नाहीत. संपूर्ण हंगामाचा कल जोखताना मात्र नुसत्या गोलसंख्येपेक्षा हा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो. कोकणातल्या पावसाळी चिखलात, जिथे फटक्यांची नोंदच होत नाही, तिथे प्रशिक्षकाची नजरच कामी येते.