वडिलांना स्ट्रोकनंतर घरी वापरायला रोबोटिक ग्लव्ह घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना स्ट्रोक येऊन तीन महिने झाले, डावा हात अजून नीट चालत नाही, फिजिओ आठवड्यातून एकदाच येतात आणि भावाने ऑनलाइन ते हवेने फुगणारं ग्लव्ह बघून ठेवलंय. माझं मत विचाराल तर ते सगळ्यात शेवटी घ्या. सासूबाईंकडे आहे, बोटं आखडू नयेत म्हणून ठीक आहे, पण होतं काय की मशीन मूठ उघडतंय मिटतंय आणि माणूस मस्त सिरियल बघतोय. स्वतः जोर लावून तीच हालचाल शेकडो वेळा केली तरच मेंदू परत शिकतो.

त्यापेक्षा मोबाइल कामाला लावा. फिजिओ येतील तेव्हा बाबांचेच व्यायाम त्यांच्यासमोर शूट करून ठेवा, यूट्यूबवरचे कुणाचेही बघून नको, कारण स्ट्रोकनंतर खांदा सैल पडलेला असतो आणि हात धरून वर ओढला की तो दुखावतो, मग पेशंट व्यायामाचं नाव काढू देत नाही. आणि मधल्या दिवसांत फिजिओंना व्हिडिओ कॉलची फी देऊन वेळ मागा, हल्ली बरेच जण तयार होतात.

हे उगाच नाही सांगत. भारतातच अटेंड नावाची मोठी ट्रायल झाली, 2017 मध्ये रिझल्ट आला, 1250 पेशंट होते, घरच्यांना शिकवून घरी व्यायाम करून घ्यायचे, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही. उलट 2019 ची अमेरिकेतली ट्रायल, 124 पेशंट, हाताचे व्यायाम, निम्मे क्लिनिकमध्ये आणि निम्मे घरी कॉम्प्युटरवर गेम खेळत, 70 मिनिटांची 36 सेशन्स, आणि दोन्हीकडे हात साधारण सारखाच सुधारला. दोन्ही ट्रायल सरळ तुलना करण्यासारख्या नाहीत, पण घरच्या त्या सेशन्सपैकी निम्म्यांत थेरपिस्ट व्हिडिओवर हजर होते, मला तरी खरी गोम तिथेच वाटते.

आरसा पण करून बघा, फिजिओंना विचारून. मेंदूवर संशोधन करणारे डॉ. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या पेशंटसाठी काढलेली युक्ती, नंतर स्ट्रोकलाही वापरायला लागले. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा, डावा हात आरशामागे, उजवा हलवायचा आणि बघायचं आरशात, म्हणजे डावाच हलतोय असं दिसतं. बाबा आधी हसतील, हसू दे.

करंटचं मशीन कुणी गळ्यात मारत असेल तर आधी विचारा की टेन्स आहे की एफईएस. टेन्स मुख्यतः दुखण्यावर असतं, स्नायू हलवायला एफईएस लागतं, आणि पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको.

ग्लव्हच्या पैशांतून आधी दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन आणा (नसेल तर), मनगटाचं नको. बीपी उजव्या हातालाच बघा आणि आकड्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवत जा, दुसऱ्या स्ट्रोकची भीती बीपीमुळेच जास्त असते.