वाचकांचे प्रश्न : चर्चचे दार बंद असताना

कोरोनाच्या साथीत बंद झालेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली होती, ती एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने ज्या ११ जिल्ह्यांना निर्बंधांतून सवलत मिळाली नाही, त्यांत सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे होते. पुढील पत्रे आणि उत्तरे त्याच ऑगस्टमधील आहेत. या अंकासाठी आलेल्या पत्रांतून याच दोन जिल्ह्यांतील चार पत्रे निवडली असून, पत्रलेखकांच्या विनंतीनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कुटुंबे थोडी आहेत आणि तीही मिरज, सांगली, कुपवाडपासून तासगावपर्यंत विखुरलेली आहेत. रविवारची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) हीच आमची भेट. एप्रिलपासून आम्ही घरी मोबाइलवर मिस्सा पाहतो. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून शेवटपर्यंत बसतात. मुले मात्र मध्येच उठून जातात. अशी मिस्सा पाहिल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते का? आणि महिनोन्‌महिने कोणी कोणाला भेटलेच नाही, तर आमचे धर्मग्राम उरले आहे असे म्हणता येईल का? (एक भगिनी, मिरज)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, १९८३ च्या कायदेसंहितेत रविवारच्या मिस्सेचे बंधन आहे, तशीच अडचणीची तरतूदही आहे. धर्मगुरू उपलब्ध नसल्यामुळे किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सेत भाग घेणे अशक्य झाले, तर श्रद्धावंतांनी एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी मिळून योग्य तेवढा वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी शिफारस कलम १२४८ मध्ये आहे. त्यामुळे चर्च बंद असताना मिस्सा चुकल्याचे पाप आपल्या माथी नाही, आणि पडद्यावर मिस्सा पाहिली नाही म्हणून कर्तव्यात कसूर झाली, असेही होत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नसतात, हे व्हॅटिकनने २००२ सालीच एका निवेदनात स्पष्ट केले आहे. प्रक्षेपण हे प्रार्थनेचे साधन आहे आणि आपल्या सासूबाई त्या साधनाचा उत्तम उपयोग करीत आहेत. मुलांना मात्र तासभर पडद्यासमोर बसवण्यापेक्षा त्या दिवसाचे शुभवर्तमान (बायबलमधील येशूविषयीचा उतारा) त्यांच्यापैकी एकाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, दुसऱ्याला आजारी शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगावे आणि सर्वांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातील बिशपांच्या सभेने) १९६४ सालच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आहे आणि मुलांना तिची खरी ओळख या पंधरा-वीस मिनिटांतच होते.

दुसऱ्या प्रश्नाला अधिक जागा द्यावी लागेल, कारण आपल्या पत्रातील खरी व्यथा ती आहे. वसईतील धर्मग्रामांचा विचार करावा. तेथे शेजारी कॅथलिक, विहिरीवर आणि बाजारात भेटणारे कॅथलिक; चर्च बंद झाले तरी आळीतील माणूस आळीतल्या माणसाला दिसतोच. सांगली-साताऱ्याकडे तसे नाही. येथे एका चर्चमध्ये अहमदनगरकडून आलेली मराठी कुटुंबे, गोव्याची आणि मंगळूरची माणसे, मल्याळी परिचारिका, रेल्वेतील कर्मचारी, शाळांतील शिक्षक एकत्र येतात. पण सोमवार उजाडला की प्रत्येक जण आपापल्या वस्तीत एकटाच ख्रिस्ती असतो. त्यामुळे दार बंद होताच मिस्सेबरोबर आपली एकमेकांशी असलेली ओळखही थांबली. हे नुकसान मोठे आहे आणि ते कोणत्याही प्रक्षेपणाने भरून निघत नाही. उलट मला असे वाटते की मुंबईच्या मोठ्या चर्चमधील देखण्या, सुरेल मिस्सा घरबसल्या मिळू लागल्यामुळे आपले स्वतःचे लहान धर्मग्राम आपल्या मनातून अधिकच दूर गेले. आपले फादर साध्या फोनवरून मिस्सा दाखवत असतील, तर चित्र थरथरत असले तरी तीच पाहावी, हा माझा आग्रह आहे. कारण तेथे आपल्या मृतांची नावे घेतली जातात.

आपले फादर काहीही प्रक्षेपित करीत नसतील, तरी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. कलम ५३४ नुसार धर्मग्रामप्रमुखाने प्रत्येक रविवारी आणि बंधनकारक सणाच्या दिवशी एक मिस्सा आपल्याकडे सोपवलेल्या लोकांसाठी अर्पण करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपण उपस्थित असा वा नसा, रिकाम्या बाकांसमोर ती मिस्सा आपल्यासाठीच होत असते. कायद्यानेही धर्मग्रामाची व्याख्या इमारतीवरून केलेली नाही. कलम ५१५ त्याला श्रद्धावंतांचा निश्चित आणि स्थिर समुदाय म्हणते.

असा समुदाय चर्चवाचून किती काळ तग धरू शकतो, याचे उदाहरण जपानच्या इतिहासात आहे. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारले गेले. नागासाकीच्या परिसरातील खेड्यांनी मात्र कामे वाटून घेतली. एकाने वर्षभराच्या सणांची आणि उपवासांची तिथी सांभाळायची, दुसऱ्याने बालकांना स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) द्यायचा, तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवायचा, अशी ती व्यवस्था होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसे नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये आली आणि त्यांनी पेतीझाँ या फ्रेंच धर्मगुरूंना आपली श्रद्धा त्यांच्याच श्रद्धेसारखी असल्याचे हळूच सांगून मारियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मधली सुमारे अडीचशे वर्षे त्यांना धर्मगुरू असे जवळजवळ लाभलेच नव्हते. त्यांच्यावरील संकट जिवावरचे होते, आपल्यावरील निर्बंध जीव वाचवण्यासाठी आहेत, हा फरक मी विसरत नाही. त्यांनी वाटून घेतलेली कामे मात्र आपल्याला आजच्या आज घेता येतील.

आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत स्नानसंस्कार आणि विवाह नोंदलेले असतात, पण कोणाच्या घरी एकटी वृद्ध व्यक्ती आहे, कोणाची नोकरी गेली, कोणत्या घरात दुचाकी आहे, हे तेथे सापडत नाही. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेले, तेव्हा ही उणीव ठळकपणे जाणवली असेल. २०१९ च्या महापुरात चर्च उघडे होते आणि रविवारी कोण आले नाही हे निदान लक्षात येण्याची सोय होती. या वेळी तीही नव्हती. म्हणून फादरांची परवानगी घेऊन कुटुंबांची यादी नव्याने करावी आणि प्रत्येक घराकडे दोन-तीन घरांची जबाबदारी सोपवावी. आठवड्यातून एकदा फोन करायचा, आणि तो व्हॉट्सॲपवर फुलांचे चित्र पाठवून टाळायचा नाही. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कोविड कक्षात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींच्या मुलांचे दुपारचे जेवण कोण पाहते, हा प्रश्न या यादीतून पहिल्याच आठवड्यात पुढे येईल. कलम ५२९ धर्मग्रामप्रमुखाला कुटुंबांच्या चिंता आणि दुःखे जाणून घेण्यास, आजाऱ्यांना, गरिबांना आणि एकाकी माणसांना शोधून काढण्यास सांगते, आणि या कामातील प्रापंचिकांचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांचा, वाटाही मान्य करते. एकटे फादर तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत हे काम करू शकणार नाहीत. आपण या यादीची सुरुवात करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. एवढ्या आस्थेने पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीच्या हातून ते नीट होईल.

प्रश्न : माझे पती एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे दहन केले. मला चेहराही पाहता आला नाही. त्यांची रक्षा कलशात घालून मी कपाटात ठेवली आहे. एक नातेवाईक म्हणतात की दहन झालेल्या कॅथलिकासाठी मिस्सा होत नाही. शेजारची मंडळी प्रेमाने म्हणतात की संगम माहुलीला रक्षा विसर्जित करू, आम्ही सोबत येतो. मी काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आपल्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर नाही. ख्रिस्तसभेने १९६३ सालीच दहनाला परवानगी दिली आहे. पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारण्यासाठी दहन निवडले असेल, तरच अंत्यविधी नाकारला जातो; आपल्या बाबतीत तर निवड आपली नव्हतीच. आपल्या पतींसाठी मिस्सा अर्पण करता येते आणि त्यासाठी चर्च उघडण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. फादर सध्या लोकांविना जी दैनंदिन मिस्सा अर्पण करतात, तिचा हेतू म्हणून आपल्या पतींचे नाव आजच फोनवरून द्यावे. निर्बंध उठल्यावर सर्व आप्तांना बोलावून स्मरणाची मिस्सा पुन्हा ठेवावी. ती उशिराची म्हणून कमी मोलाची ठरत नाही, आणि ज्या शोकाला एप्रिलमध्ये कोणाचा खांदा मिळाला नाही, त्याला तो त्या दिवशी मिळेल.

रक्षेविषयी २०१६ साली व्हॅटिकनने स्पष्ट सूचना दिल्या आहेत. रक्षा दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी ठेवावी. ती घरी कायमची ठेवू नये, नातेवाइकांत वाटू नये, जमिनीवर, हवेत किंवा पाण्यात विसर्जित करू नये. म्हणून शेजाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा लागेल. त्यांनी दाखवलेले प्रेम मोलाचे आहे. दफनाच्या दिवशी त्यांनाच सोबत यायला सांगावे, त्यांना आनंद होईल. एवढे महिने कलश कपाटात राहिला याची खंत करू नये, कारण दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता. आता मात्र ख्रिस्ती दफनभूमीत कुटुंबातील कोणाची कबर असल्यास तिच्यातच कलशासाठी लहानसा खड्डा घेता येईल का, हे फादरांना विचारावे. नव्या जागेची गरज बहुधा पडणार नाही. दहनाचा आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा. रक्षेपासून संसर्गाचा धोका नाही, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे; कोणी भीतीपोटी अडवू लागले तर हे सांगावे. दफनाचा छोटा विधी उघड्यावर, मोजक्या माणसांत होऊ शकतो. आपल्या मुलांना त्या वेळी नक्की न्यावे, कारण बाबांना कोठे ठेवले आहे हे त्यांना माहीत असायला हवे.

प्रश्न : आमची मुलगी तीन महिन्यांची झाली. स्नानसंस्कार चर्च उघडेपर्यंत लांबवावा का? (एक दांपत्य, फलटण)

उत्तर : लांबवू नये. पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला स्नानसंस्कार मिळावा, असे कायद्याला अपेक्षित आहे. आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता एवढ्यांच्याच उपस्थितीत विधी करण्याविषयी फादरांशी बोलावे. मेजवानी मागाहून होईल. बाळाच्या जिवाला धोका असेल, तर कोणीही व्यक्ती योग्य हेतूने हा संस्कार देऊ शकते. डोक्यावर तीनदा पाणी ओतत, बाळाचे नाव घेऊन, ‘मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो’ असे म्हणावे. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटल्यास संस्कार ग्राह्य ठरत नाही, असा निर्णय ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने दिला आहे. त्यानंतर लगेच फादरांना कळवून नोंद करून घ्यावी.

प्रश्न : दानपेटी रिकामी असल्यामुळे आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार निम्मा केल्याचे कळले. आमचीही कमाई घटली आहे. अशा वेळी दान देणे बंधनकारक आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्यास हातभार लावणे हे कलम २२२ नुसार श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, आणि त्याच कलमात सामाजिक न्यायासाठी झटण्याचे व गरिबांना साहाय्य करण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. रक्कम मात्र ठरवून दिलेली नाही. ज्याच्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने धर्मग्रामाकडून निःसंकोचपणे मदत घ्यावी. ज्याचा पगार चालू आहे, त्याने दर रविवारी पेटीत टाकत होता तेवढी रक्कम बाजूला काढून महिन्याअखेर पोहोचती करावी.

मावशींविषयी मात्र माझे मत ठाम आहे. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी कामगारांना न्याय्य आणि पुरेसे वेतन द्यावे, असे कलम १२८६ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे कलम ५३७ ने बंधनकारक केले आहे, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, अशी अपेक्षा कलम १२८७ मध्ये आहे. रंगकाम, नवे ध्वनिवर्धक, सणाची रोषणाई हे सारे पुढच्या वर्षावर ढकलता येते. मावशींच्या घरचे रेशन ढकलता येत नाही. आपण समितीतील एका सदस्याला सोबत घेऊन फादरांना भेटावे, सध्याची शिल्लक विचारावी आणि पगाराची तूट भरून काढण्यासाठी कोणती कुटुंबे दरमहा किती देऊ शकतील, याची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. एप्रिलपासूनची थकलेली निम्मी रक्कमही त्या हिशेबात धरावी.