पीसीआर पॉझिटिव्ह असताना फुफ्फुसाचा तुकडा तपासून आणखी काय कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे की, कोविड किंवा फ्लूचं निदान स्वॅबवरून होतंच, मग बायोप्सीचा किंवा शवविच्छेदनातला फुफ्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाती काय लागतं?

स्वॅब फक्त विषाणू आहे की नाही ते सांगतो. तो फुफ्फुसात कुठवर उतरला, त्याने काय नासवलं, इजा किती दिवसांची आहे आणि रुग्ण त्यानेच दगावला की दुसऱ्या कशाने, हे तुकड्यात दिसतं. यातली सर्वांत मोलाची माहिती मला इजेच्या वयाची वाटते.

वायुकोशांचा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचा, सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग टाइप-१ नावाच्या अतिशय पातळ पेशींनी झाकलेला असतो. गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात हे अस्तर मरतं आणि खालच्या केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तद्रवातली प्रथिनं, फायब्रिन (रक्त गोठवणारे प्रथिनाचे धागे) आणि मेलेल्या पेशींचा चुरा मिळून वायुकोशाच्या भिंतीला एक गुलाबी थर चिकटतो. हाच हायलाइन मेम्ब्रेन. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगातही तो ठळक दिसतो. पहिल्या आठवड्यात हा थर आणि सूज यांचंच राज्य असतं. त्यानंतर टाइप-२ पेशी (अस्तराची डागडुजी करणाऱ्या) झपाट्याने वाढून उघडी पडलेली भिंत झाकू लागतात, फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी शिरतात. तीन आठवड्यांच्या पुढे कोलॅजन, म्हणजे व्रणातलं तंतुमय प्रथिन, साचून भिंती जाड झालेल्या दिसू शकतात. एकाच फुफ्फुसात या अवस्था शेजारी-शेजारी सापडतात, म्हणजे इजा एकदाच होऊन थांबलेली नसते.

पण या सगळ्या चित्राला, म्हणजे डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेजला, विषाणूच लागतो असं नाही. सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद), पोटातला पदार्थ श्वासनलिकेत जाणं, काही औषधं, जास्त प्रमाणातला ऑक्सिजन, यांनीही हुबेहूब हेच घडतं. त्यामुळे नुसती स्लाइड पाहून ‘हा कोविड’ असं लिहिणं चूक.

काही विषाणू मात्र आपली खूण सोडतात. सायटोमेगॅलोव्हायरसमध्ये पेशी फुगते आणि केंद्रकात घुबडाच्या डोळ्यासारखा गोळा दिसतो. ॲडिनोव्हायरसमध्ये केंद्रक काळपट, पुसल्यासारखं होतं. गोवरात अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी तयार होतात, आणि त्यांच्या केंद्रकात व पेशीद्रवात दोन्हीकडे गोळे असतात. इन्फ्लुएन्झा आणि कोरोना यांची अशी खात्रीची खूण नसते. फसगत इथेच होते: वाढत्या टाइप-२ पेशींचं केंद्रक मोठं आणि त्यातला ठिपका, म्हणजे केंद्रिका, ठसठशीत असते, ती विषाणूचा गोळा समजली जाते, क्वचित कर्करोगही वाटतो.

रक्तवाहिन्या नीट पाहाव्यात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कोविडने मृत झालेल्या ७ जणांची फुफ्फुसं इन्फ्लुएन्झाने मृत झालेल्या ७ जणांच्या फुफ्फुसांशी ताडली, तेव्हा वायुकोशांच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये सुमारे ९ पट आढळल्या. नमुना लहान होता, तरी स्वॅबमधून हे कधीच कळलं नसतं.

दुसरा संसर्ग शोधणं तितकंच महत्त्वाचं. १९१८ च्या साथीतल्या ५८ शवविच्छेदनांचे जपून ठेवलेले ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) पुन्हा कापून तपासले, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले: बहुतेक मृत्यूंमागे फ्लूच्या पाठोपाठ आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता. म्हणून वायुकोश न्यूट्रोफिलांनी (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) भरलेले दिसले की जिवाणू दाखवणारा ग्रॅम स्टेन हवाच; बुरशीसाठी सिल्व्हर स्टेन, क्षयासाठी झील-नील्सन स्टेन.

विषाणू त्याच पेशीत आहे हे दाखवायचं तर त्याच्या प्रथिनाविरुद्धची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंड लावून प्रथिन रंगवणं) किंवा आरएनएवरचं इन-सिटू हायब्रिडायझेशन (जुळणारा धागा चिकटवून आरएनए पेशीतच दाखवणं) करतात. दोन्हींसोबत माहीत असलेली पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्लाइड चालवली नसेल तर निकालावर विसंबू नका. शिवाय आजार लांबला की प्रतिजन, म्हणजे विषाणूचं ओळखता येणारं प्रथिन, ओसरतं. चौथ्या आठवड्यात ते न सापडणं म्हणजे विषाणू नव्हताच असं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तर क्लॅथ्रिन या पेशीतल्याच प्रथिनाचं आवरण असलेल्या पेशीतल्या साध्या पिशव्या कोरोना म्हणून छापल्या गेल्या आहेत. पेशीच्या आत खरे कोरोनाकण बहुधा पटलाने वेढलेल्या पोकळीत असतात आणि त्यांच्या पोटात न्यूक्लिओकॅप्सिडचे (विषाणूचा आरएनए आणि त्याभोवतीचं प्रथिन यांचे) गडद ठिपके दिसतात. सुट्या पेशीद्रवात तरंगणारी, आत ठिपके नसलेली काटेरी गोळी बहुधा विषाणू नसते.

आता नमुना. निम्मी कामं इथेच बिघडतात. शवविच्छेदनात पाचही खंडांतून किमान एकेक तुकडा, शिवाय श्वासनलिका आणि मोठ्या श्वासवाहिन्या घ्याव्यात. इजा ठिकठिकाणी विखुरलेली असते, एकाच तुकड्यात ती हुकते. शक्य असल्यास श्वासवाहिनीतून फॉर्मॅलिन हलक्या दाबाने भरून फुफ्फुस फुगवावं, नाहीतर मिटलेले वायुकोश दाट, रोगट भासतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये मधला भाग सडतो. उलट तुकडा आठवडेच्या आठवडे फॉर्मॅलिनमध्येच ठेवला तर आरएनएचे तुकडे होतात आणि पीसीआर फसते. मृत्यूनंतर उशीर झाला की श्वासवाहिन्यांचं अस्तर आपोआप सुटून आत पडतं. ते विषाणूमुळे मेलेलं समजू नये. खऱ्या नेक्रोसिसभोवती (जिवंतपणी मेलेल्या पेशींभोवती) फायब्रिन आणि दाहपेशी असतात, नुसत्या गळलेल्या अस्तराभोवती नसतात. जिवंत रुग्णाची ब्रॉन्कोस्कोपीतून घेतलेली बायोप्सी काही मिलिमीटरचीच असते, तीत वायुकोशच आले नसतील तर ‘सामान्य’ न लिहिता ‘नमुना अपुरा’ लिहावं.

आणि तपासणीच्या फॉर्मवर लक्षणं सुरू झाल्याची तारीख, व्हेंटिलेटरचे दिवस आणि दिलेली स्टेरॉइडं हे तिन्ही लिहा. हे नसेल तर स्लाइडवरची अवस्था कशाशी ताडायची, हे पॅथॉलॉजिस्टला कळत नाही.