सेव्हन धर्तीची किट कार: ॲव्हरेज किती धरायचं आणि पेट्रोलचा काटा का नाचतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये सेकंडहँड केटरहॅम सेव्हन (सुट्या भागांतून घरी जोडता येणारी हलकी, उघडी दोन सीटची गाडी) घ्यायची आहे, आधीच्या कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली. मालक म्हणतो गॅलनला ४० मैल देते. चालवून बघितली तर पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून पावावर आणि परत अर्ध्यावर, आणि स्पीडोमीटर फोनच्या जीपीएसच्या पुढे. यात थाप किती आणि बिघाड किती?

आधी ओडोमीटर तपासा, ॲव्हरेजचं नंतर बोलू. मालकाचे ४० मैल ज्या ओडोमीटरवरून आले तोच चुकत असेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत.

स्पीडोमीटर थोडा पुढे असणं हा दोष नाही. युरोपात चालणाऱ्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकी सूट आहे, म्हणजे खरे १०० असताना ११४ पर्यंत चालतं. त्यामुळे जोडणारा माणूस मुद्दाम काटा थोडा पुढे ठेवतो. घोळ असा की इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये काटा आणि ओडोमीटर एकाच सेन्सरचे पल्स मोजतात. वेग चार टक्के पुढे तर सहसा मैलही चार टक्के फुगलेले. केबलवाल्या जुन्या स्मिथ्स (ब्रिटिश कंपनी) मीटरमध्ये मात्र ओडोमीटर दातेरी चाकांवर चालतो आणि काटा चुंबकावर, म्हणून काटा चुकला तरी मैल बरोबर असू शकतात. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात ते यासाठी.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंग्लंडच्या मोटरवेच्या कडेला दर १०० मीटरला मार्कर पोस्ट असतात आणि त्यांवर किलोमीटरचा आकडा असतो. शेजारी बसलेल्याला २० किमी मोजायला सांगा आणि ट्रिप मीटर बघा. २० किमी म्हणजे १२.४३ मैल. ट्रिप १२.९ दाखवत असेल तर मीटर ३.८ टक्के पुढे आहे.

हा ३.८ आकडा उगाच घेतला नाही. १८५/६० आर १४ टायर काढून १९५/४५ आर १५ बसवले की नेमका एवढाच फरक पडतो: पहिल्याचा व्यास ५७८ मिमी, दुसऱ्याचा ५५७. रिम मोठी दिसते, पण टायर लहान झालेला असतो. चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं आणि मीटर मैल फुगवतो. अशा गाडीत २६ लिटरमध्ये ट्रिपवर २०० मैल झाले तर मालकाच्या हिशेबाने ३५ एमपीजी (गॅलनला मैल), खरे साधारण ३३.७. आपल्या भाषेत लिटरला जेमतेम १२ किमी. आणि हो, हा ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, त्यामुळे अमेरिकेतल्या कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका.

उलटा प्रकारही होतो आणि तो जास्त वाईट. फोर्डच्या टाइप ९ गिअरबॉक्सला स्पीडोचा ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, डिफरन्शियलच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या) आधी. कुणी ३.९२ चं डिफ (चाकाच्या एका फेऱ्याला आधीचा शाफ्ट ३.९२ फेरे घेतो) काढून ३.६२ चं घातलं आणि ड्राइव्हचा नायलॉनचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, तसाच ठेवला तर मीटर साडेसात टक्क्यांहून जास्त मागे पडतो. काटा ७० म्हणतो, गाडी जवळजवळ ७६ ला असते. दंडही बसतो आणि वर ॲव्हरेज खरं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. सेन्सर मागच्या ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट मोजत असेल तर डिफ बदलल्याने काही फरक पडत नाही. पण सेन्सर आणि बोल्टमधली फट एक-दीड मिलिमीटरच्या आसपास राहायला हवी. ती वाढली की काटा मधेच शून्यावर येतो आणि तेवढे मैल गळतात.

आता खरं ॲव्हरेज. लोकांचा ठाम समज असतो की ५५० किलोची गाडी म्हणजे पेट्रोल पिणारच नाही. शहरात, चढावर, सिग्नलला थांबून निघताना हे खरं आहे. मोटरवेवर नाही. उघडी चाकं, उभी सपाट काच, बाहेर आलेले दिवे: हवेच्या दृष्टीने सेव्हन म्हणजे विटेसारखी. ढोबळ हिशेब करू. साध्या हॅचबॅकची हवा अडवणारी बाजू, म्हणजे ड्रॅग गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ, ०.६७ चौरस मीटर धरली तर सेव्हनची १ च्या आसपास येते. ताशी ७० मैलांना सेव्हनला नुसती हवा कापायला सुमारे १८ किलोवॉट लागतात, हॅचबॅकला १२. टायरच्या घर्षणात सेव्हन दोन-अडीच किलोवॉट वाचवते, पण भोक मोठं आणि ठिगळ लहान. ताशी ५० मैलांवर दोघी जवळपास सारख्या होतात. म्हणून शांतपणे गावाकडच्या रस्त्यांनी चालवणाऱ्याचे ४० आणि मोटरवेवर ७५ ने पळणाऱ्याचे २८ हे दोन्ही खरे असू शकतात. ट्रॅकवर १० ते १२ आले तरी इंजिनाला दोष देऊ नका.

गिअरिंगही बघा. केटरहॅमच्या सहा गिअरच्या बॉक्सचा सहावा गिअर ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा) नाही, सरळ १:१ आहे. ३.९२ डिफ आणि त्या १५ इंची टायरवर ७० मैलांना इंजिन ४,२०० आरपीएमवर ओरडत असतं. टाइप ९ चा पाचवा ०.८२ चा असेल तर तेच ३,४५० वर येतं. लांब पल्ल्याला जाणार असाल तर पॉवरचा आकडा विचारण्याआधी हे विचारा.

गाडी तरीही प्रमाणाबाहेर पीत असेल तर मी पहिला संशय थर्मोस्टॅटवर घेतो. जोडताना काढून टाकलेला किंवा उघडाच अडकलेला असतो. इंग्लंडच्या थंडीत एवढं छोटं इंजिन ६० अंशांच्या वर जातच नाही, आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून गरम होतेय, म्हणून तो पेट्रोल जास्त ओततच राहतो. दुसरा संशय कार्ब्युरेटरवर. जोडीने वेबर ४० डीसीओई असतील तर लोक मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) बदलत बसतात. प्रत्यक्षात २,८००-३,००० आरपीएमपर्यंत हलक्या पायाने चालवताना पेट्रोल बहुतांशी आयडल जेट (कमी आरपीएमचा जेट) आणि त्यापुढच्या प्रोग्रेशनच्या छोट्या भोकांतून येतं. आयडल जेट एक नंबर मोठा असला की रोजचं ॲव्हरेज गेलंच. वाइडबँड लॅम्डा (धुरावरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून एकसारख्या वेगात बघा. १४.७ च्या जवळपास असेल तर ठीक, १२.५ असेल तर कारण सापडलं. मागचे ब्रेक धरतायत का हे जॅकवर चाक हाताने फिरवून कळतं. टायरची हवा मात्र ॲव्हरेजसाठी वाढवू नका. या गाडीला १८ ते २० पीएसआयच लागते, ३० भरली तर ओल्या रस्त्यावर ती उड्या मारते.

ॲव्हरेज मोजताना काट्याकडे बघूच नका. टाकी भरून ते परत टाकी भरेपर्यंत मोजा, तोच पंप, नोझल पहिल्यांदा टक् करून थांबली की बास. या गाड्यांचा भरण्याचा पाइप वाकडा असतो आणि व्हेंट (हवा बाहेर जायची नळी) दबलेला असतो, त्यामुळे नोझल दोन लिटर आधीच बंद होते. १५ लिटर भरताना दोन लिटरची चूक म्हणजे १३ टक्के. एका टाकीवर भरवसा ठेवू नका, सलग तीन टाक्यांची बेरीज करा.

आता नाचणारा काटा. टाकी मागे आडवी, रुंद आणि उथळ. पाय दाबला की पेट्रोल मागे, वळलात की बाजूला, आणि फ्लोट त्याच्याबरोबर. त्यामुळे थोडं नाचणं हा टाकीचाच स्वभाव. सपाट रस्त्यावर अर्धा मिनिट सरळ चाललात की काटा स्थिर व्हायला हवा. होत नसेल तर वायरिंग बघायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सेंडरचे (टाकीतल्या फ्लोटबरोबर ओहम, म्हणजे रोध, बदलणाऱ्या सेन्सरचे) दोन प्रकार प्रचलित आहेत. स्मिथ्स पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० च्या आसपास. व्हीडीओ (जर्मन कंपनी) पद्धतीत उलटं: रिकामी १०, भरलेली १८०. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला की टाकी भरली तरी काटा तळाशी, आणि रिकामी झाली की फुल. हे लगेच लक्षात येतं. फसवतं ते खराब अर्थिंग. फायबरचे भाग आणि पावडरकोट (रंगाचा जाड थर) केलेली चेसिस यांमुळे अर्थ नीट बसत नाही, गंज चढला की वाटेत २०-३० ओहम वाढतात. स्मिथ्समध्ये त्यामुळे काटा खाली येतो, तुम्ही लवकर पंपावर जाता, नुकसान काही नाही. व्हीडीओमध्ये मात्र काटा वर जातो, आणि पाव टाकी दिसत असताना गाडी रस्त्यात बंद पडते. दिवे किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलला तर अर्थच. सेंडरच्या फ्लँजपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढा.

पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम वर सरकलेले असतील तर जुन्या स्मिथ्समधला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर गेला समजा. बऱ्याचदा तो गेलेला नसतो, त्याच्या डब्याचा अर्थ सुटलेला असतो. आरपीएमचा काटा नेमका अर्धा दाखवत असेल तर मीटर चार सिलिंडरवर सेट आहे आणि सिग्नल वेस्टेड-स्पार्क कॉइलच्या (एकाच वेळी दोन सिलिंडरना ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या) एका तोंडावरून घेतलाय. सेटिंग दोन सिलिंडरवर करा, झालं.

गाडी तुमची झाली की टाकीचा काटा एकदा कॅलिब्रेट कराच. मोकळ्या हवेत, सपाट जागी, बॅटरी काढून टाकी रिकामी करा. पाच-पाच लिटर ओता, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा, सेंडरची वायर सोडवून मल्टिमीटरने ओहम लिहून घ्या. मग बॅटरी आणि वायर तात्पुरती जोडून, इग्निशन चालू करून काटा कुठे थांबतो तेही लिहा आणि पुढचं ओतण्याआधी परत काढा. आकडे सरळ रेषेत येणार नाहीत. वरच्या भागात काटा बराच वेळ फुलवर चिकटून बसतो आणि मग भराभर पडतो, कारण फ्लोटचा दांडा वरती आधीच टेकलेला असतो. काटा पावावर असताना टाकीत खरे किती लिटर आहेत हा आकडा डॅशच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. त्याच्या खाली गेल्यावर लांब वळणात पाय दाबू नका: पेट्रोल पिकअपपासून (पंपाच्या ओढायच्या तोंडापासून) बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन वळणाच्या मध्यावर खोकतं.

गाडी बघायला परत जाल तेव्हा मल्टिमीटर घेऊन जा. मालकासमोर इग्निशन चालू करून सेंडरची वायर काढा. काटा शून्यावर पडला तर स्मिथ्स पद्धत, फुलवर गेला तर व्हीडीओ. मग इग्निशन बंद करून सेंडर मोजा आणि आकडा मीटरच्या पद्धतीशी जुळतो का बघा.